तिघांचा नियम

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता सांगेन: आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे. त्यांचं नाव, शाळेचं नाव आणि गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा ते सगळं मी मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. दहावीनंतर मला सूतगिरणीत लावायचं वडिलांनी ठरवलं होतं. बाई आमच्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "तीन वर्षं मला द्या. मग तुम्ही म्हणाल तिथे लावा." पुढे तीनाची पाच झाली आणि मी बी.एस्सी. झालो. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा ते ठेवायचं कुठे हा प्रश्न पडला, कारण आमच्या घराच्या भिंतींना वाळवी होती. ते बाईंच्या लोखंडी कपाटात गेलं. मी बंगळूरला निघालो तेव्हा सोबत फक्त झेरॉक्स होत्या, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीच्या आणि 'खरी प्रत' असा शिक्का मारलेल्या. नोकरीला तेवढं पुरलं.

नोकरी बंगळूरच्याच यशवंतपूर भागात होती, पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. राहायला एका मराठी घराच्या माडीवरची खोली मिळाली. त्या घराचे पूर्वज शिवकाळात इकडे आलेले. घरमालकिणीला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. अक्कांचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, नुकताच पदवीधर झालेला. तो मला अण्णा म्हणायचा आणि माझ्या मराठीला हसायचा. "अण्णा, तू बोलतोस की पुस्तक वाचतोस?" मी त्याच्या मराठीला हसायचो.

साल अठ्ठ्याण्णव होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले जुने कॉम्प्युटर गोंधळणार, ते दुरुस्त करायला कोबोल ही कॉम्प्युटरची जुनी भाषा येणारी माणसं अमेरिकेला हवीत, असं रोज कानावर यायचं. कोबोल शिकवणाऱ्या संस्थांची फी आमच्या आवाक्याबाहेर होती. अक्कांच्या मुलाने ई-मेलवर चालणारा एक गट शोधून काढला. देशभरातली आमच्यासारखी पन्नासेक मुलंमुली एकमेकांना कोबोल शिकवत होती. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. एकाने धडा वाचायचा, त्यावर टिपण लिहून सगळ्यांना पाठवायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या. आम्ही यशवंतपूर सर्कलजवळच्या सायबर कॅफेत जायचो, आलेल्या मेल फ्लॉपीवर घ्यायचो आणि मी त्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत छापून आणायचो.

मी आजही म्हणतो, त्या गटाने मला जे शिकवलं ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं. गावच्या शाळेत न समजलेलं विचारायची मला लाज वाटायची. इथे चेहरा दिसत नव्हता, इंग्रजी अडखळलेलं ऐकू येत नव्हतं. मी बिनधास्त विचारायचो. मला न सुटलेलं गणित ग्वाल्हेरची एक मुलगी सोडवायची, तिचा अडलेला प्रोग्राम मी चालवून द्यायचो. आपल्यालाही कुणाला काही शिकवता येतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

गटात शिरताना प्रत्येकाने ओळख लिहून पाठवायची पद्धत होती. आपण कुठून आलो, आपल्याला कुणी घडवलं. बाकीच्यांनी चार ओळी लिहिल्या. मी बाईंबद्दल दोन पानं लिहिली. शाळा, तिच्या मागची लिंबाची झाडं, बाईंचं एकटीचं घर, कुणासाठीही उघडं असलेलं दार, सगळं लिहिलं. खूप जणांनी कौतुक केलं.

आणि एक नियम होता. उत्तर कुणीही देवो, आणखी दोघांनी 'मी करून पाहिलं, बरोबर आहे' असं लिहिलं की ते पक्कं धरायचं. आम्ही त्याला तिघांचा नियम म्हणायचो. पक्क्या उत्तरांचा दर आठवड्याला गोषवारा काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्या नियमाने आम्हाला कधी फसवलं नाही, कारण प्रोग्राम एकतर चालतो किंवा चालत नाही.

गटातले सगळ्यांत जाणकार म्हणजे न्यू जर्सीतले एक गृहस्थ. आम्ही त्यांना सर म्हणायचो. रात्री विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सकाळी हजर असायचं, आणि ते चुकीचं कधीच नसायचं. त्यांच्या उत्तराला दुजोरा देणारेही ठरलेले होते, एक कोइमतूरचा आणि एक इंदूरचा. हे दोघं पुढे सरांच्याच ओळखीने अमेरिकेला पोचले. तिथून त्यांनी आपापल्या खोलीची, थंडीची, पहिल्या दिवसाची वर्णनं लिहिली. आम्ही ती मोठ्याने वाचायचो.

मग सरांनी लिहिलं की आणखी काही जणांसाठी जागा आहे. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट त्यांच्या बंगळूरमधल्या, कोरमंगला भागातल्या माणसाकडे द्यायचे, तपासून महिन्याभरात परत मिळतील. कोइमतूरच्याने लिहिलं, माझे मिळाले. इंदूरच्याने लिहिलं, माझेही. तिघं झाले. कुणी काही विचारलं नाही.

अक्कांच्या मुलाकडे पासपोर्ट होता. तो त्याच आठवड्यात कोरमंगलाला जाऊन पासपोर्ट आणि पदवी देऊन आला. माझा पासपोर्टचा अर्ज पडून होता. तरी मी बाईंना पत्र टाकलं, प्रमाणपत्र रजिस्टरने पाठवा म्हणून. सरांना कळवलं की माझी मूळ कागदपत्रं गावी बाईंकडे आहेत, थोडा वेळ लागेल.

ते ऐकून अक्का म्हणाल्या, "माझ्या पोराने दिलं ते दिलं. तू मात्र स्वल्प थांब. एवढी घाई कसली?" त्यांनी कशावरून म्हटलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर शहरात दोन दिवस बंद झाला. बस नाही, दुकानं नाहीत, कॅफेचं शटर खाली. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा मेलचा ढीग साचला होता. मी तो छापून आणला आणि गोषवाऱ्यासाठी तारखेप्रमाणे लावायला बसलो. पुणं, ग्वाल्हेर, हैदराबाद, सगळीकडून मेल होत्या. सरांची त्या दोन दिवसांत एकही नव्हती. कोइमतूरच्याची नव्हती आणि इंदूरच्याचीही नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघांच्याही आल्या, एकामागून एक.

बंद बंगळूरमध्ये होता. न्यू जर्सी का गप्प झालं?

मी अक्कांच्या मुलाला बोलावून दाखवलं.

"अण्णा, तिकडे सुट्टी असेल."

"तिघांनाही?"

"एकाच कंपनीत आहेत की तिघं! सुट्टी काय एकेकाला देतात?" तो हसला. "तू गावाकडचा माणूस. तुला चिंचेच्या झाडावर पण भूत दिसणार आणि कॉम्प्युटरमध्ये पण."

त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं. पण मला पावसाळ्यातला एक आठवडा आठवला. रस्ता खोदताना केबल तुटली होती आणि आमच्या भागातले फोन बंद पडले होते. कॅफे नुसताच उघडा असायचा. त्या आठवड्याचा गोषवारा मीच केला होता. इतरांच्या मेल होत्या, पण या तिघांपैकी कुणाचीच नव्हती, आणि पक्कं उत्तर एकही नाही म्हणून मला तो कोरा पाठवावा लागला होता. तेव्हा सर न्यू जर्सीत होते, दुसरा कोइमतूरला आणि तिसरा इंदूरला. केबल तुटली होती यशवंतपूरची.

मी हे बोललो तेव्हा तो हसला नाही. खाली पाहत म्हणाला, "म्हणजे तिघं नाहीतच, एकच आहे? आणि तो इथेच बसतो? आपल्या कॅफेत?"

आम्ही दोघंही कॅफेतल्या सहा खुर्च्या आठवू लागलो. जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक मध्यमवयीन गृहस्थ, एक दाढीवाला, कारखान्यातलेच दोघं. सगळे ओळखीचे. मीच एकदा त्यांच्यापैकी कुणाला तरी फ्लॉपी दिली होती, कुणाला ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकून कोरमंगलाला गेलो. ज्या पहिल्या मजल्यावर त्याने कागद दिले होते तिथे कुलूप होतं. खालच्या दुकानदाराने सांगितलं, "ऑफिस? इथे पोरं राहायची भाड्याने. गेली." कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. अक्कांचा मुलगा त्या कुलपाकडे बघत उभा राहिला. त्याने ते हातात धरून ओढलंही. परतीच्या बसमध्ये तो एवढंच म्हणाला, "अम्माला इतक्यात सांगू नको."

पोलिसांत जायला तो तयार होईना. त्याला अजून वाटत होतं की महिना पुरा झालेला नाही.

मी गटाला लिहिलं. जे दिसलं तेवढंच, तारखांसकट. मला वाटलं होतं की खळबळ उडेल. दोन-तीन जणांनी विचारलं, पुरावा काय? ग्वाल्हेरच्या मुलीने लिहिलं, सरांनी इतकं शिकवलं, त्यांच्याबद्दल असं लिहिताना तुला काही वाटलं नाही का? तिची कागदपत्रं आदल्याच आठवड्यात गेली होती. तिच्याच जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. सरांचं कोबोल खरं होतं, म्हणून सर खरे होते. प्रोग्राम चालवून पाहता येतो. माणूस कसा चालवून पाहणार?

मग सरांचं उत्तर आलं, गटाला नव्हे, एकट्या मला. राग नव्हता. लिहिलं होतं की तरुण माणसाने शंका घ्यावी, ते चांगलंच. तुझे कागद गावी आहेत ना, पोस्टाचा भरवसा नको. आमचा एक माणूस या आठवड्यात तुमच्याच बाजूला जातो आहे, तो बाईंकडून घेऊन येईल. तू तसदी घेऊ नकोस. आणि शेवटी, 'शाळेमागची लिंबाची झाडं अजून आहेत ना? त्याला पाहून यायला सांगतो.'

मी ते तिथेच, कॅफेत वाचलं. माझ्या मागे आणि शेजारी माणसं बसली होती. मला मान वळवायचं धाडस झालं नाही.

शाळेचा फोन लावला. सुट्टी होती, कुणी उचलला नाही. बाईंकडे फोन नव्हता. तार केली. आणि मग कारखान्यात येऊन पत्र लिहिलं. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली, ती जशीच्या तशी देतो.

आदरणीय बाई,

माझं आधीचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. प्रमाणपत्र रजिस्टरने पाठवा असं त्यात आहे. ते पत्र माझंच होतं, पण कृपा करून पाठवू नका. तारही मीच केली आहे. पण तार कुणीही माझ्या नावाने करू शकतो, तेव्हा यापुढे तारेवर विश्वास ठेवू नका.

या आठवड्यात एखादा माणूस तुमच्याकडे येईल. चांगले कपडे असतील, बोलणं सभ्य असेल. मी त्याच्यासोबत काम करतो असं सांगेल. त्याला शाळा माहीत असेल, लिंबाची झाडं माहीत असतील, तुम्ही आमच्या ओट्यावर बसून वडिलांना काय म्हणालात तेही माहीत असेल. इतकं माहीत आहे म्हणजे माझ्या ओळखीचा असणार, असं तुम्हाला वाटेल. बाई, ते सगळं मी लिहिलं होतं. तुमच्याबद्दल किती आदर आहे ते लोकांना कळावं म्हणून लिहिलं होतं. कोण वाचतं ते पाहिलं नाही.

मग हे पत्र तरी माझंच कशावरून? म्हणून एक गोष्ट लिहितो, जी मी कुणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही. आठवीत प्रयोगशाळेत मला घेरी आली होती. तुम्ही वर्गाला सांगितलंत की गॅसचा वास चढला. गॅस त्या दिवशी लावलेलाच नव्हता. मी आदल्या दिवसापासून उपाशी होतो हे तुम्ही ओळखलं होतं, आणि पोरांनी मला हसू नये म्हणून तुम्ही तसं सांगितलंत. नंतर मला तुमच्या डब्यातलं थालीपीठ दिलंत. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, आता अशा वेळी मानतो आहे. येणाऱ्या माणसाला हे विचारा. त्याला सांगता येणार नाही.

इथल्या घरमालकिणीच्या मुलाची पदवी आणि पासपोर्ट गेले आहेत. तो रोज पोस्टमनची वाट बघतो. माझं गेलं तर गेलं, मी पुन्हा अर्ज करीन. मला भीती प्रमाणपत्राची नाही. तुम्ही एकट्या असता, तो माणूस कोण आहे ते मला माहीत नाही, आणि तो निघाला की अजून निघायचा आहे तेही माहीत नाही.

मला शनिवारची रजा मिळाली आहे. मिळेल त्या गाडीने निघतो. तुमचं दार मी आजवर कधी बंद पाहिलेलं नाही, आणि ते बंद करा असं तुम्हाला सांगायची माझी योग्यता नाही. तरी मी येईपर्यंत कडी लावून ठेवा.

तुमच्या ऋणातला,
तुमचा विद्यार्थी