साडूंच्या यंत्रापुढे सासरे

आमच्या साडूंनी जन्मात एकही फळ निर्दोष समजून खाल्लेलं नाही. सांगलीच्या एका प्रयोगशाळेत ते गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र चालवतात. द्राक्षाचा, भाजीचा, नाहीतर पाण्याचा अर्क काढायचा आणि त्यातला थेंबभर यंत्राला टोचायचा. आतल्या केसाएवढ्या बारीक नळीतून फवारणीचं एकेक औषध सुटं होऊन बाहेर पडतं आणि पडद्यावर ज्याचं त्याचं टोक उठतं. त्या टोकांवर साडूंचा जेवढा विश्वास आहे तेवढा सख्ख्या भावावर नाही. घरात डासांची अगरबत्ती लावायला बंदी आहे, कारण तिचा अंश शर्टाला चिकटून प्रयोगशाळेत गेला तर एखाद्या गरीब द्राक्षावर नाहक आळ यायचा. त्यामुळे कृष्णाकाठचे समस्त डास त्यांच्याकडे मुक्कामाला असतात. लग्नात अत्तर लावणारा दिसला की हा गृहस्थ खांबाआड जातो. मुलगी बघायला आले तेव्हा तिचं नाव विचारायच्या आधी त्यांनी चहाचं पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारलं, आणि जाताना बाटली भरून नेली. आमचे सासरे, म्हणजे मामा, फौजेतून निवृत्त झालेले. ते सासूबाईंना म्हणाले, "पोरगी पसंत हाय का न्हाई ते सांगंना, पाणी मातुर घिऊन गेला." होकाराच्या आधी पाण्याचा अहवाल आला. पाणी पास होतं.

मामांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात माल परदेशी जायचा होता आणि मामांनी ते अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. त्याआधी तपासणी हवी, म्हणून मामा स्वतःच टपोरे घड घेऊन प्रयोगशाळेत हजर. साडूंनी एक घड हातात घेऊन बघितला.

"मामा, हे घरामागच्या वेलींचे."

नातवंडांना खायला म्हणून परसातल्या थोड्या वेली मामा फवारणीविना राखतात. साडूंचीच पोरं ते घड खाऊन वाढलेली.

"आवं, बाग येकच हाय की," मामा म्हणाले.

साडू दुसऱ्या दिवशी बागेत गेले, ओळींमधून नागमोडी हिंडले आणि स्वतः इथला तिथला घड तोडून आणला. यंत्रानं एक टोक मर्यादेच्या वर काढलं.

"जावईबापू, जरा खाली दाबता येत न्हाई व्हय ते?"

"नाही मामा. थांबावं लागेल. औषध उतरलं की पुन्हा तपासू."

औषध उतरेपर्यंत व्यापारी दुसऱ्या बागेकडे वळला आणि मामांचा माल इथल्याच बाजारात गेला. मामांनी जावयाशी बोलणं टाकलं. दिवाळीला आम्ही दोघे जावई सासुरवाडीला गेलो; साडू पाटावर बसले तशी मामा उठून गोठ्याकडे गेले. परतताना गाडीत साडू मला म्हणाले, "मी त्या यंत्राला सगळं विचारतो हो. पण त्या दिवशी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटतं." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

परवा मी एकटाच सासुरवाडीला गेलो होतो. पारावर मामा एका बागायतदाराला दम भरत होते, "तपासायला आमच्या जावयाकडंच दे रं. त्यानं सख्ख्या सासऱ्याला सोडलं न्हाई गड्या. त्याचा कागुद आला की डोळं झाकून खा."

सांगलीला येऊन मी हे जसंच्या तसं साडूंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मामा स्वतः म्हणाले?"

"स्वतः. चारचौघांत."

"मग एकदा मला म्हणाले असते तर," ते म्हणाले, आणि मला साडूंची फार माया आली.