चित्रातला नंबर

माझी ताई माणसांना घाबरत नाही. रंग जरा फिका उतरला म्हणून तिने छापखान्यात भांडून पोस्टरांचा अख्खा गठ्ठा पुन्हा छापून घेतलेला मी पाहिलाय. पोस्टर, खोकी, दुकानांच्या पाट्या, यात तिचा हात धरणारं कोणी नाही. अशी बाई वेबसाइटच्या कोडमधल्या एका टोकदार कंसाला घाबरायला लागली, तेव्हा मला आधी हसूच आलं.

झालं असं, की तिच्या स्टुडिओत वेबसाइट बनवणारा माणूस सोडून गेला आणि मालकीणबाईंनी फर्मान काढलं. यापुढे जो डिझाइन करील, त्यानेच वेबचं पानही बांधायचं. जमत नसेल त्याने दुसरीकडे बघावं. घरात बाबा दम्याने बेजार आणि मी त्यांच्यापाशी बसून शिवणाची कामं घेणारी. ताईची नोकरी गेली तर आमचं काय, हे कुणी बोललं नाही. पण ताईचं जेवण निम्म्यावर आलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती शिकायला बसायची. शेजारी चहा गार होत असायचा. एकदा एका ठिकाणी जाड अक्षरांची खूण बंद करायची राहिली आणि तिथून खालचं सगळं पान जाडजूड अक्षरांत गेलं. ताईची पाचावर धारण बसली.

"मी काही केलं नाही गं! आपोआप झालं!"

"अगं, लॅपटॉप आहे तो, बॉम्ब नाही," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने सुईत दोरा ओवायला घेतला. त्यानंतर ती ताकही फुंकून प्यायला लागली. एक ओळ लिहायची, बटण दाबताना डोळे मिटायची, मग एकच डोळा उघडून पान जागेवर आहे का बघायची. बाबा खोकत खोकत म्हणायचे, "पोरी, परीक्षा तुझी आणि धाप मला लागते."

पहिलं खरं काम आलं ते पुलापलीकडच्या दवाखान्याचं, बाबा जिथे जातात त्याचंच. ताईने बांधलेलं पान खरोखर देखणं होतं. फिका हिरवा रंग, भरपूर मोकळी जागा आणि मधोमध तातडीच्या फोनचा नवा नंबर, मोठ्या सुबक आकड्यांत. मालकीणबाई खूश झाल्या. पान लोकांसाठी खुलं झालं आणि ताईचा जीव भांड्यात पडला. तो नवा नंबर मी काही फोनमध्ये साठवला नाही. म्हटलं, ताईचं पान आहे की.

त्याच आठवड्यात एका दुपारी, ताई कामावर असताना, बाबांना धाप लागली. नेहमीची नव्हे. पंप मारला, पुन्हा मारला, काही फरक नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून ते पुढे वाकले होते आणि त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. मी ताईचं पान उघडलं आणि नंबरावर बोट ठेवलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, तर आकडे नुसते मोठे झाले. जोरात दाबून धरलं, तेव्हा फोनने मला विचारलं, चित्र साठवायचं का?

मी आकडे पाठ करून फोन लावायला गेले. चार आठवले, बाकीचे विसरले. परत पानावर आले. मागे बाबांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो थांबला तर, या विचाराने मला आकडे दिसेनात. शेवटी शिवणाचा खडू घेऊन मी नंबर भिंतीवर लिहिला आणि तो बघून फोन लावला. दवाखान्याची गाडी आली.

ऑक्सिजन, औषधं देऊन संध्याकाळी त्यांनी बाबांना घरी सोडलं. ते आत झोपले. ताई धावतपळत आली, त्यांना पाहून आली आणि भिंतीपाशी थबकली.

"हे काय लिहिलंयस?"

मला सांगायची भीती वाटत होती. सांगितलं तर ही पुन्हा लॅपटॉपला हात लावणार नाही, आणि मग नोकरी संपलीच. पण रागही आवरेना.

"तुझा नंबर लागत नाही, ताई. तो नुसता दिसतो."

ती खाली बसली. म्हणाली, "आधी मी तो कोडमध्ये लिहिलाच होता गं, दाबला की लागेल असा. पण जरासा खाली सरकत होता. हात लावला तर परत काही बिघडेल म्हणून चित्र करून चिकटवला."

मग तिने मालकीणबाईंना फोन लावला. "बाई, मी दिलेलं पान चुकलंय. मला ठेवायचं की नाही ते उद्या ठरवा. आत्ता मला ते दुरुस्त करू द्या." पलीकडून काय उत्तर आलं ते तिने सांगितलं नाही.

ती लिहायला बसली. बटण दाबताना या वेळी तिचे डोळे उघडे होते. नंबर खाली सरकला, जरा वाकडाच दिसायला लागला. तिने तो पाहिला आणि तसाच ठेवला.

"दाब," ती म्हणाली.

मी दाबलं. घंटी वाजली, आणि लगेच एका बाईंचा आवाज आला. "हॅलो, दवाखाना. पेशंटचा श्वास चालू आहे का?"

ताईने फोन माझ्या हातातून घेतला आणि आतल्या खोलीकडे कान दिला.

"चालू आहे," ती म्हणाली, आणि रडायला लागली.