पुसलेले व्रण

माझ्या आत्याने एकतीस वर्षं लोकांचे चेहरे दुरुस्त केले. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीशी निगेटिव्ह तिरकी लावून, सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने ती बारीक बारीक ठिपके भरायची. निगेटिव्हवर ठिपका भरला की फोटोतला डाग गेलाच म्हणून समजा. मुरुमं, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं तिने बुजवलं. निम्म्या शहराचे पूर्वज आज भिंतींवर देखणे दिसतात ते तिच्या कृपेने. नाव मात्र मालकाचं. पाटीवर त्याचं, फोटोमागच्या शिक्क्यातही त्याचंच. ही मागे डोळे फोडत बसलेली.

तिच्या हातून एकच काम चुकलं, आणि ते माझ्या बाबांनी करून घेतलं.

बाबांचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना दाखवायला घरच्यांचा फोटो हवा होता. आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "ताई, आईचं तेवढं साफ कर," बाबा म्हणाले. आजी तिथेच शर्टाला बटणं लावत बसली होती. तिने मान वर केली नाही. आत्याला तेव्हा आपल्या हाताचा भारी तोरा. दोन दुपारी खपून तिने असा काही चेहरा केला की मालकाने तो मोठा करून दर्शनी काचेत लावला. आजीने तो एकदा पाहिला. त्यानंतर मरेपर्यंत तिने कुणाला आपला फोटो काढू दिला नाही.

म्हणजे आजीचा फोटो तो एवढाच. आमच्या बैठकीच्या खोलीत लटकतोय. गुळगुळीत गालांची कोण कुठली बाई, आणि मी जन्मभर तिला आजी म्हणत आले. माझं डोकं फिरतं ते यानेच.

मागच्या महिन्यात स्टुडिओ बंद पडला. मालकाच्या मुलाने निगेटिव्हचे खोके भंगारात काढले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या तोंडाला फडकं बांधून तीन दिवस ते उपसत होती. मी मदतीला गेले तर खेकसली, "हात लावू नकोस, ठसे उमटतात!" शेवटी निगेटिव्ह सापडली. आत्याने टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, पेन्सिल निघून आली. जुन्या ओळखीच्या एकाकडे डार्करूम अजून चालू होती, तिथे तिने फोटो छापला. व्रण सगळे जागच्या जागी. मला वाटलं, ती रडेल. ती भडकली. "पन्नास वर्षं मी हिला गाडून ठेवलं," म्हणाली, आणि तशीच तडक आमच्या घरी आली.

फोटो तिने बाबांपुढे आपटला. "तो उतरव. हा लाव."

बाबांनी चष्मा चढवला, उतरवला. "काहीतरीच काय, ताई! चार लोक येतात-जातात घरात."

"येऊ देत. आई आहे ती आपली."

"अगं, पण हे उकरून काय मिळणार? तिलाच लाज वाटायची त्या तोंडाची."

मी तोंड उघडणारच होते. आत्याने हातानेच मला गप्प केलं.

"लाज तुला वाटायची. तू चार वर्षांचा होतास. देवी तुला आल्या होत्या, कळलं? शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. आपले बाबासुद्धा मला घेऊन काकांकडे निघून गेले. आई एकटी तुला कुशीत घेऊन बसली. तुझं थोडक्यात निभावलं. तुझे फोड सुकले आणि तिचे उठले."

बाबा फोटोकडे बघत राहिले. मग पुटपुटले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तिने शपथ घातली होती मला. पोराला वाईट वाटेल म्हणाली."

आत्याने पिशवी उचलली आणि पायात चपला सरकवल्या.

"वाटू दे आता."