मढचं खळं आणि पुण्याचा पाहुणा

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत माझ्या हातातलं माती काढायचं गिरमीट पाहून शेजारच्या बाईंनी विचारलं, "बोअर मारतोस काय रे?" मी पुण्याचा, माती तपासणारा माणूस. पहिल्याच वाक्यातल्या 'तू'ने दचकलो. खाडी एवढीशी, उत्तर सुचेपर्यंत मढ आलंसुद्धा.

कोळीवाड्यात मंदाताई वाट पाहत होत्या. त्यांच्या खळ्यावर (मासळी सुकवायची मोकळी जागा) कुणीतरी टँकरभर कारखान्याचं रसायन ओतून पळालं होतं. तेव्हापासून जवळा (अगदी बारीक कोळंबी) सुकवणं बंद, आणि घर तर त्यावरच चालायचं. माती कोणत्या पद्धतीने शुद्ध करायची, ते मला ठरवायचं होतं.

खळं पाहून मी चाटच पडलो. स्वच्छ वाळू आणि वर रांगोळी!

"रसायनाने काळी पडलेली माती कुठे गेली?"

"साहेब, तुमी पुण्यावरनं येणार, तर घाण दाखवायची काय? काल सगळ्या बायांनी खरवडून काढली."

"टाकली कुठे?"

"ती काय, माडाखाली."

वाट लागली! आधी सगळ्यांना साबणाने हातपाय धुवायला लावले, ढिगावर ताडपत्री टाकली. मग दोन्हीकडचे नमुने घेतले. गिरमीट माडाच्या मुळांत असं अडकलं की ते उपसायला चार बाया लागल्या, आणि चौघी माझ्यावरच हसत होत्या.

दुपारी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवताना मी पर्याय सांगितले. "वर काँक्रीट घालणं स्वस्त, पण खालून भरतीचं पाणी येतं, विष खाडीत जाईल. रसायन खाणारे जिवाणू सोडता येतील, पण त्यांना वर्षं लागतात."

"एवढं हळू खातात? पाठवा आमच्याकडे, जेवायला शिकवते!"

"नाहीतर माती खणून बंद पिंपांतून घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यायची. लवकर होतं, पण फार महाग."

"मग जवळा कधी पसरू?"

"या हंगामात नाही, ताई."

हसणं थांबलं. त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

निघताना मंदाताईंनी एक पुडी हातात दिली. "वहिनींना द्या. वर्सोव्याच्या माझ्या बहिणीकडचा जवळा हाय. आमचा कसा देऊ तुमाला?"

पुण्यात बायकोने त्याची चटणी केली, झकास झाली. मी मात्र अर्ध्या जेवणातून उठलो. महाग म्हणून खणून नेण्याचा पर्याय अहवालात शेवटी टाकणार होतो, तो सगळ्यात वर लिहिला. पाहुण्याच्या हातावर ठेवायला मंदाताईंना जवळा मागून आणावा लागला, याचं मला फार वाईट वाटलं, आणि त्या टँकरवाल्याची चीड त्याहून जास्त आली.