गद्द्याच्या नावाची मेंढी

१९९६च्या ऑक्टोबरात शेळगाव आणि वरकुटे भागातल्या चाळीस ऊस उत्पादकांची अभ्याससहल सिमल्याला गेली. सर्जेराव मारकड त्यांच्यात होते. वय बासष्ट. ऊस त्यांच्या शेतात होता, डोक्यात नव्हता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते दिवाळी झाली की दीडशे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचे. कालव्याचं पाणी बांधापर्यंत आलं, तशी मुलांनी कळप विकायची गोष्ट काढली. सर्जेरावांनी नुसती होकारार्थी मान हलवली आणि कळप विकला गेला. पण अनोळखी माणसानं काय करता असं विचारलं की त्यांच्या तोंडातून अजूनही निघे, "मेंढरं हायती."

पहिल्या दिवशी टेकडीवरचं विद्यापीठ झालं, इंग्रज लाटसाहेबाची दगडी हवेली झाली. वरकुट्याचे आप्पा धापा टाकत म्हणाले, "हितली पोरं शिकत्यात कशी? वर्गात पोचंस्तवर धडा संपत आसंल."

सर्जेराव हसले नाहीत. ते समोरच्या उताराकडं बघत होते. पायऱ्यापायऱ्यांची शेतं, एकेका पट्टीत जेमतेम एक बैलजोडी वळेल एवढी जागा. सपाटी कुठंच नाही, हे त्यांना दिसलं. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळायचा होता.

दुसऱ्या दिवशी खेड्यांकडं जाताना बस एका वळणावर चहाला थांबली. वरून मेंढरांचा कळप उतरत आला. थंडीपुढं डोंगर सोडून खाली निघालेला, हिमाचलातल्या गद्दी जमातीचा मेंढपाळ होता तो. कमरेला लोकरीच्या काळ्या दोराचे वेढे, दाढी पांढरी.

"सर्जेराव, तुमचं सोयरं आलं बगा," आप्पा म्हणाले. "गळाभेट घ्या!"

सर्जेराव खरंच उठून गेले. तंबाखू पुढं केली. गद्द्यानं विचारलं, "भेड़ें हैं तेरी?"

"हायती. डेढ सौ."

मागून कोणीतरी खोकलं. सर्जेरावांनी वळून पाहिलं नाही.

एवढ्यात खालून ट्रकचा भोंगा वाजला. कळपातली म्होरकी मेंढी नेमकी वळणाच्या तोंडाशी गेली होती. सर्जेरावांनी विचार केला नाही. पन्नास वर्षं जे केलं तेच हातानं केलं. म्होरकीच्या पुढ्यात दगड टाकला की ती वळते, तिच्यामागं कळप वळतो. दगड तिच्या नाकापुढं वीतभर अंतरावर पडला. नेम एवढासुद्धा चुकला नव्हता.

मेंढी वळली. माळावर वळायला चारी बाजू मोकळ्या असतात. इथं एका अंगाला कडा होता, दुसऱ्या अंगाला दरी. ती दरीत गेली. खालून तिच्या आपटण्याचे आवाज आले, तीन. मग काहीच नाही.

दुसरी मेंढी तिच्यामागं निघालीच होती. गद्द्यानं धावत जाऊन काठी आडवी धरली आणि कळप थोपवला. ट्रक वळणाअलीकडंच उभा होता. ड्रायव्हर रोजचा, कळप दिसताच त्यानं ब्रेक दाबला होता. दगडाची गरजच नव्हती.

सर्जेरावांचा हात तसाच पुढं राहिला होता. बसमधल्यांनी चहाचे कप खाली ठेवले. आप्पांनीसुद्धा.

गद्दी शिवी देईल, काठी उगारेल, अशी सर्जेरावांना खात्री होती. तो कडेला जाऊन खाली बघून आला आणि एवढंच म्हणाला, "मैदान का आदमी है."

हे त्यांना काठीपेक्षा जोरात लागलं. घोंगडं खांद्यावरून काढून त्यांनी पुढं केलं. गद्द्यानं ते परत त्यांच्याच खांद्यावर टाकलं. धनगरात रीत अशी, की आपल्या हातून दुसऱ्याचं मेंढरू मेलं तर आपल्या कळपातलं द्यायचं. मोडक्या हिंदीत सर्जेरावांनी ती सांगितली.

गद्दी म्हणाला, "इतनी दूर कैसे देगा? तेरी डेढ़ सौ हैं ना? एक मेरे नाम की रख ले."

खरं सांगायची हीच वेळ होती. सर्जेराव म्हणाले, "रखता."

परतीच्या प्रवासाला तीन दिवस लागले. गावी उतरले ते घरी न जाता थेट मेहुण्याच्या मेंढवाड्यावर गेले आणि एक पाठ, अजून न व्यायलेली तरणी मेंढी, मागून घेऊन आले. त्यांची बायको गोजरबाई दारातच उभ्या होत्या.

"आवं, उसात मेंढरू? पोरं काय म्हंत्याल?"

"माझं न्हाय ते."

"मग कुणाचं?"

त्यांनी सगळं सांगितलं. मग गोजरबाईंनी पाठीपुढं पाण्याचं घमेलं सरकवलं.

पुढच्या तीन वर्षांत बांधावर सात मेंढरं झाली. सगळ्यांच्या कानाला एकच खूण, गद्द्याच्या नावाची. सर्जेराव रोज ती चारायला नेत. हातात काठी असे. दगड त्यांनी पुन्हा उचलला नाही. रस्त्यानं जाणारा कोणी थांबून विचारी, "आबा, किती मेंढरं हायती तुमची?"

"माझं एक बी न्हाय," ते सांगत.