आठ माणसांचा नाच

शेजाऱ्यांशी माझी ओळख भांडायला गेले म्हणून झाली. आम्ही तेव्हा अमेरिकेतलंच पिस्कॅटवे गाव सोडून फिलाडेल्फियाला आलो होतो, कारण ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट तिकडे लागलं होतं. घर रो-हाउसमधलं, म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं आणि मधे एकच भिंत. पिस्कॅटवेला निदान हळदीकुंकवाला चार बायका जमायच्या. इथे अख्ख्या गल्लीत देशी म्हणावं असे आम्ही दोघंच. माझा व्हिसा डिपेंडंट, नोकरीची परवानगी नाही. नागपुरात बारा वर्षं वर्गावर गणित शिकवलेली बाई मी, इथे दिवसभर भिंतींकडे बघत बसायची. आणि दर रविवारी सकाळी त्यातलीच एक भिंत हादरायला लागायची. आधी धाडधाड पाय आपटल्याचे आवाज, मग कुणाचं तरी हसणं, मग पुन्हा धाडधाड. तीन रविवार सोसलं. चौथ्या रविवारी तणतणत गेले आणि बेल वाजवली.

दार सत्तरीतल्या एका बाईनं उघडलं. चांगली घामाघूम झालेली. तिच्या मागे स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सारलेलं होतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिचा नवरा एक हात पुढे करून उभा होता. बारीक, उंच, पँटला गॅलस लावलेले. दोघं विशीत आयर्लंड सोडून आलेले आणि दुपारच्या नाचाची सकाळी तालीम करत होते. घरून पाठ करून नेलेली माझी कडक इंग्रजी वाक्यं तिथेच विरली. पाच मिनिटांनी मी त्याच टेबलाशी बसून दूध घातलेला गडद चहा पीत होते. अमेरिकेत कुणी मला न विचारता चहात दूध घातलं, ते पहिल्यांदाच.

त्या चहामागे मतलब होता. त्यांना एक जोडपं हवं होतं. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आयरिश मंडळी जमायची. कुणी फिडल वाजवायचं, कुणी बासरी, कुणी अकॉर्डियन, आणि बाकीच्यांनी नाचायचं. त्या नाचाला ते सेट म्हणतात. चार जोड्यांनी चौकोन करून उभं राहायचं, आठ माणसं, सात नाही की सहा नाही. हॉलमध्ये पंचवीसेक जण असायचे, पण बहुतेकांचे गुडघे निकामी झालेले, आणि नाचू शकणारे सहाच उरले होते. म्हातारा म्हणाला, दोन महिने झाले, आम्ही सहाजण तयार होऊन जातो आणि चहा पिऊन परत येतो.

मी साफ नाही म्हटलं. घरी येऊन ह्यांना गंमत म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, "जाऊन बघू की." हा माणूस नागपुरात गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा फुटपाथवरून चालणारा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, पण नाही, रविवारी दोन वाजता स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी उभी.

पहिले काही रविवार आमचे जे धिंडवडे निघाले ते काय सांगावेत. या नाचात जोडीदार सारखे बदलतात. परक्या बाईच्या कमरेला हात घालायचा म्हटल्यावर ह्यांनी म्हातारीला असं धरलं की लोणच्याची बरणी फळीवरून उतरवताहेत. मी कायम चुकीच्या दिशेला. पण मोजायचं मला कळत होतं. आठ पावलं पुढे, आठ मागे, मग घर, म्हणजे आपली मूळची जागा. एकदा त्यातलं गणित लक्षात आलं आणि मी सुधारले, इतकी की चुकणाऱ्यांना दटावायला लागले. म्हातारा माझ्या दटावण्याला खूप हसायचा. गिरकी घेताना त्याचे पाय जमिनीवर अगदी हलके वाजायचे, आणि धाडधाड करायची ती म्हातारीच, हे मला हॉलमध्ये कळलं.

त्यांना हाक काय मारायची हा माझा प्रश्न होता. सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे. सत्तरीच्या माणसाला मी नावानं हाक मारीन तर माझी आई तिकडे उठून बसेल. म्हणून मी हाकच मारत नसे. जवळ जाऊन उभी राहायची, त्यांनी बघितलं की बोलायची. घरात मात्र आम्ही आजी-आजोबा म्हणायचो. दोन वर्षं दर रविवारी आम्ही चौघं आमच्या गाडीतून जायचो, येताना ती दोघं मागच्या सीटवर झोपलेली असायची. मी भाजलेले शेंगदाणे न्यायची, बासरीवाला त्यावर तुटून पडायचा. खरं सांगायचं तर अमेरिकेतले माझे सुखाचे दिवस ते एवढेच.

मग आजोबांचा खोकला जाईना. तपासण्या झाल्या, आणि पुढे फारसं काही करण्यासारखं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. एकुलती एक मुलगी ॲरिझोनाहून आली. आजोबांनी हॉस्पिटलात राहायला नकार दिला, पलंग खालच्या बैठकीतच टाकून घेतला. जायच्या आधी पाच-सहा दिवस आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. आजी आत मुलीशी बोलत होती. आजोबांनी ह्यांचा हात धरला आणि दम खात खात सांगितलं. "मला पुरलं की त्यानंतरच्या रविवारी तू हिला घेऊन उभा राहा. तुझ्या बायकोबरोबर बासरीवाला नाचेल, मी त्याला सांगितलंय. म्हणजे आठ होतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला त्या रविवारी बसू देऊ नका. एकदा बसली तर पुन्हा उठायची नाही. मी ओळखतो तिला."

हे हो म्हणाले. मीही मान हलवली.

ते मंगळवारी गेले. बुधवारी संध्याकाळी फ्युनरल होममध्ये वेक होता, म्हणजे अंत्यदर्शनाचा कार्यक्रम. मी पांढरा सलवार-कमीज घालून, मनाची तयारी करून गेले, तर तिथे जत्रा भरलेली. शवपेटीत आजोबा टाय लावून निजलेले, आणि दोन हातांवर लोक त्यांच्याच गोष्टी सांगून खो खो हसत होते. फिडल वाजत होतं. आजी दारात उभी राहून प्रत्येकाला हातात हात देत होती, आणि तीही हसत होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मी मुगाची खिचडी करून नेली होती, ती केक आणि हॅमच्या ताटांमध्ये कशीबशी एका कोपऱ्यात ठेवली. मला राग आला, अगदी मनापासून. माणूस अजून डोळ्यांसमोर आहे आणि तुम्हाला हसू येतं कसं? घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली तरी तो राग उतरला नाही.

त्या रागाला आणखी एक कारण होतं. त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी माझे वडील नागपुरात वारले तेव्हा आमचे व्हिसाचे कागद अडकलेले होते. मी तिकडे गेले असते तर परत येता आलं नसतं. पाचव्या दिवशी ह्यांच्या ऑफिसची पिकनिक होती. मी गेले, नीट तयार होऊन गेले, आणि हसून सगळ्यांना बटाट्याचं सॅलड वाढलं. तिकडे भाऊ दहाव्याच्या तयारीत होता. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. आजोबांच्या बाबतीत मी ठरवलं की निदान या माणसाचं तरी आपण रीतीनं करू.

गुरुवारी दफन झालं. शनिवारी आईला फोन केला. आई म्हणाली, "परक्याचं सुतक नसतं, पण नाचायला कशाला जाता? त्या बाईला काय वाटेल? तेरावं होऊ दे नं." मला हवं तेच उत्तर मिळालं.

रविवारी एक वाजता हे इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. मी म्हटलं, कुठे निघालात? हे म्हणाले, "अगं, आजोबांना शब्द दिलाय. बासरीवाला थांबला असेल." मी म्हटलं, "जाणारा माणूस काहीही बोलतो. त्या बाईच्या कपाळीचं दुःख आठवड्याचंही नाही झालं आणि तुम्ही तिच्या दारात गाडीचा हॉर्न वाजवणार? ती येणार आहे का नाचायला? काही माणुसकी?" हे म्हणाले, विचारून तर बघू. मी म्हटलं, असं विचारणं म्हणजेच अपमान. आवाज चढला होता माझा. वर्गावरचा आवाज. हे वर जाऊन शर्ट बदलून आले.

मी पुढच्या खोलीचे पडदे लावून घेतले होते. दोनच्या सुमाराला भिंतीपलीकडे दार वाजलं. फटीतून बघितलं तर आजी काळा कोट घालून पायऱ्यांवर उभी. तिनं आमच्या गाडीकडे बघितलं, मग आमच्या खिडकीकडे. बराच वेळ बघितलं. मी मागे सरले. मग ती परत घरात गेली, आणि थोड्या वेळानं एक टॅक्सी आली, त्यात बसून ती गेली. मी ह्यांना म्हटलं, बघा, दफनभूमीत चालली बिचारी. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

तेराव्या दिवशी मी पांढरे कपडे घालून, आपल्या पद्धतीनं रिकाम्या हातानं तिला भेटायला गेले. दार कुणी उघडलं नाही. काचेतून बघितलं तर बैठकीत खोके रचलेले. समोरच्या घरातली बाई म्हणाली की मुलगी तिला परवा ॲरिझोनाला घेऊन गेली, घर विकायला काढलंय.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं हॉलमध्ये गेलो. बासरीवाल्यानं शेंगदाण्यांना हात लावला नाही. त्यानं जे सांगितलं ते असं. त्या रविवारी आजी टॅक्सीनं आली, कोट काढला, नाचाचे बूट घातले आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मुलगी नेणार हे ठरलेलं होतं, हा तिचा हॉलमधला शेवटचा रविवार होता, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला ती त्या दिवशी गाडीत सांगणार होती. सहा जण उभे होते, दोन कमी. ट्रॅफिक असेल, येतील, असं म्हणत तिनं वाजवणाऱ्यांना दोनदा थांबवलं. चौघांचा अर्धा सेट करू या असं कुणी सुचवलं तर म्हणाली, त्यानं आठ सांगितलेत. चार वाजता ती खुर्चीवर बसली, बूट बदलले आणि कोट चढवला.

घरी येऊन ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घडी घालून कपाटात ठेवला. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

बासरीवाल्याकडून नंबर घेऊन मी ॲरिझोनाला फोन केला. आजी खूश झाली. बर्फ पडतोय का, ह्यांचं ऑफिस कसं आहे, सगळं विचारलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, तेरा दिवस, सुतक, आईचा फोन, माझे वडील, पिकनिक. म्हटलं, तुमचा मान राखायचा म्हणून आम्ही आलो नाही, आणि चूक माझी आहे, ह्यांची नाही.

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं तसं काहीतरी. पडदे बघितले ना मी. हॉलमध्ये बसल्या बसल्या मनात आलं, तू परकी असून घरात बसलीयेस, आणि मी त्याला पुरून तीन दिवस नाहीत तर इथे बूट घालून उभी. लाज वाटली मला."

मी म्हटलं, नाही, तसं नाही. तुमची रीत तुमची, आमची आमची. तुम्ही वेकला हसत होता तेच खरं बरोबर होतं, मला ते कळलं नाही. हे मी तीनदा तरी सांगितलं, तीन प्रकारांनी. गणित शिकवताना न कळणाऱ्या पोराला सांगतात तसं. ती प्रत्येक वेळी हो गं, कळलं मला, असं म्हणाली, पण माझी समजूत काढायला म्हणाली ते मला ऐकू येत होतं. तिकडे आयरिश हॉल आहे का असं मी विचारलं. होता, अगदी जवळ. मुलीनं दोनदा गाडी काढली होती, ही गेली नाही.

त्यानंतर मी दर नाताळला फोन करायची. दरवेळी विचारायची, नाचलात का? ती विषय बदलायची. इकडे आमच्या हॉलमधला सेट मोडला तो मोडलाच, आणि वर्षभरात आमचं दुसऱ्या गावी, कॅरीला, जायचं ठरलं.

तीन वर्षांनी एका दुपारी मुलीचा फोन आला. आई गेली, झोपेतच, तीन आठवडे झाले. वहीत माझा नंबर होता म्हणून कळवते आहे, म्हणाली. मी विचारलं, वेक कसा झाला, वाजवणारे आले होते का.

"नाही," ती म्हणाली. "आईनं लिहून ठेवलं होतं. वाजवायचं नाही, गाणी नाहीत, हसायचं नाही. फिलाडेल्फियाच्या शेजारणीकडे करतात तसं शांतपणे करा. आम्ही तेरा दिवस घरात रेडिओसुद्धा लावला नाही." मग तिनं विचारलं, "बरोबर केलं ना आम्ही?"

मी म्हटलं, हो, अगदी बरोबर केलंत.