शेवटच्या पानाचा काटा

सौसरच्या बाजारात संत्र्यांच्या टोपल्यांपलीकडे एक पुस्तकवाला नव्या एकांकिका विकायला बसायचा. नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीने यायचा. मी शाळेत मास्तर. स्नेहसंमेलन जवळ आलं की त्याच्याकडे जायचो. नाव मात्र कधी विचारलं नाही.

प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान त्याने बाभळीच्या काट्याने टोचून बंद केलेलं असे. "मास्तर, माणसं किती हायेत तुमच्याजवळ?" एवढं विचारून तो डोळे मिटायचा आणि एखादा प्रवेश असा म्हणायचा, की बाजाराचा गलका दूर कुठेतरी वाहून जायचा. शेवटचं पान आलं की थांबायचा.

"शेवट चांगला आहे ना?" मी विचारायचो.

"मले काय मालूम! शेवट वाचला, तर मंग इतक्या हौसेनं सांगणं होत नाही."

छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्या हिवाळ्यात त्याने माणसं किती ते विचारलंच नाही. एकट्यानं म्हणायचं एक स्वगत माझ्या हाती ठेवलं. "हे करा. नवा लेखक हाय, पण जीव ओतून लिहून राहिला."

"पुढच्या बाजाराला येणार ना?"

त्याने काट्यावर बोट ठेवलं आणि हसला. "शेवट आधी वाचत असतो का मी?"

तो पुन्हा आला नाही. स्वगत मीच केलं. काटा काढला आणि शेवटचं वाक्य शाळेच्या अख्ख्या पटांगणाला ऐकवलं. आता तो शेवट सौसरात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त त्यालाच सांगायचा राहिला.